आभाळाचा सातबारा : कोल्हापूर जिल्ह्यातल्या ड्रोन उडवणाऱ्या मित्रांना खुले पत्र

मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुमचं काम ओळखतो. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीवरून कॅमेरा वर जात जात आधी मांडव, मग ऊस आणि मग नदीचं वळण दिसतं, ते तुमचं. चैत्र यात्रेत गुलालात न्हालेला जोतिबाचा डोंगर पाखराच्या नजरेने आम्हाला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलात. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं नाही. एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं थकलं आहे, ते द्यायला बसलोय.

मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. आमच्या गावात फौजेत गेलेला माणूस नसलेलं घर शोधावं लागतं. मी वायुसेनेत गेलो आणि वीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात काढली. विमान कधी चालवलं नाही. विमानांच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या, एवढंच काम केलं.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेलच. तालुक्यातल्या गावांना बेटं करून टाकलेलं पाणी, होड्या, एनडीआरएफची माणसं, नौदलाच्या तुकड्या, आणि वर हेलिकॉप्टर. त्यातल्याच एका सकाळी गल्लीतला एक पोरगा शाळेच्या गच्चीवर ड्रोन घेऊन आला. पंखे फिरायला लागले होते आणि मला लांबून हेलिकॉप्टरचा आवाज येत होता. मी धावत जाऊन त्याच्या हातातून रिमोट ओढून घेतला आणि चारचौघांत त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, ‘काका, आभाळ काय कुणाच्या बापाचं हाय व्हय? आणि मी दोनशे फुटाच्या वर नेतच न्हाई.’

मी उत्तर दिलं नाही. आरडाओरडा करणं सोपं होतं. पण त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्या गच्चीवर उत्तर माहीत असलेला मी एकटाच होतो. आज तेच उत्तर तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

जमिनीचं आपल्याला नीट कळतं. सातबारा असतो, गट नंबर असतो, बांध असतो. बांध फूटभर सरकला तरी आपण मोजणी आणतो. आभाळाचा सातबारा आपल्या नावावर नसतो, पण म्हणून ते बेवारस नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारतही आहे. त्याचं पहिलंच कलम सांगतं, की प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आभाळावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग इथेच सुटतो : आभाळ देशाचं आहे, आणि ते कसं वापरायचं हे देश ठरवतो.

पण कसंही ठरवता येत नाही. ही बाजू सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. त्याच कराराचं नववं कलम म्हणतं, की लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तर देशाला ठरावीक क्षेत्रावर उड्डाण बंद करता येतं किंवा त्यावर बंधन घालता येतं. मात्र ते क्षेत्र वाजवी आकाराचं आणि वाजवी जागी असावं, विमान वाहतुकीला विनाकारण अडथळा होऊ नये, आणि ते इतर देशांना कळवलेलं असावं. म्हणजे बंदीला कारण हवं, तिची हद्द आखलेली हवी आणि ती जाहीर केलेली हवी. वीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक बंधनात या तीन गोष्टी मी पाहिल्या.

वर्तमानपत्रात सगळ्यालाच ‘नो फ्लाय झोन’ म्हणून टाकतात. आमच्या खोलीत मात्र तीन वेगळे शब्द होते आणि त्यांची गल्लत केली तर बोलणी बसायची.

पहिलं प्रतिबंधित क्षेत्र. तिथे शिरायचंच नाही. देवळाचा गाभारा समजा. राष्ट्रपती भवन, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, मथुरेची तेल रिफायनरी अशा जागा यात येतात. कारणं नेहमी बॉम्ब-बंदुकीचीच असतात असंही नाही. १९३७ च्या विमान नियमांच्या यादीत मुंबईच्या मलबार हिलवरच्या पारशी दखम्याभोवतीचं एक मैल त्रिज्येचं आभाळही आहे. तिथे एका समाजाच्या अंत्यविधीचा मान राखायचा म्हणून वरून विमान जात नाही. मला ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दुसरं निर्बंधित क्षेत्र. याचा अर्थ ‘बंद’ असा नाही, ‘अटीवर’ असा आहे. साखर कारखान्याच्या गेटातून ट्रॅक्टर आत जातोच की, पण नोंद करून, आपला नंबर आला की. तोफांच्या सरावाची जागा, लढाऊ विमानांच्या सरावाची जागा असं आभाळ यात मोडतं. आमचं सकाळचं पहिलं काम असायचं ते आज कुठली रेंज किती वाजेपासून किती वाजेपर्यंत चालू आहे हे फळ्यावर लिहिणं. गोळीबार थांबला की फोन यायचा, रेंज थंड झाली. मग त्याच आभाळातून प्रवासी विमान सरळ काढायचं. अर्ध्या तासापूर्वी जिथे तोफगोळे होते तिथून लोक चहा पीत जायचे. ते फळ्यावरच्या खडूच्या रेघेवर विश्वास ठेवून जात होते, हे त्यांना माहीतही नसायचं.

तिसरं धोक्याचं क्षेत्र. आपल्याकडे खडीच्या खाणीवर सुरुंग उडवायच्या वेळी लाल निशाण लावून रस्ता थांबवतात ना, तसं. श्रीहरिकोट्याहून रॉकेट जातं तेव्हा त्याचे जळून संपलेले टप्पे समुद्रात पडतात. बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात. भर समुद्रावरचं आभाळ कुणा एका देशाचं नसल्यामुळे तिथे बंदी घालायचा हक्कच कुणाला नाही. तिथे फक्त सावध करता येतं : या चौकोनात, या तारखांना, या वेळात धोका आहे. ही सूचना जगभरच्या वैमानिकांना जाते, तिला ‘नोटॅम’ म्हणतात.

आता उंची. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. जुलै उजाडला की आपण सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. नदी तीच, पण फुटाफुटाला तिचा अर्थ बदलतो. आभाळाचंही असंच आहे. प्रत्येक बंधनाला एक तळ असतो आणि एक छत. नकाशावर नुसतं वर्तुळ दिसतं, पण प्रत्यक्षात ती हवेत उभी केलेली खोली असते.

ही खोली बेताची आखली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण मी कधी विसरणार नाही. १७ जुलै २०१४. युक्रेनच्या पूर्वेला लढाई चालू होती. त्या देशाने आपलं तिथलं आभाळ ३२ हजार फुटांपर्यंत बंद केलं होतं, त्याच्या वर नागरी विमानं जाऊ शकत होती. मलेशियन एअरलाइन्सचं एमएच-१७ हे विमान ३३ हजार फुटांवरून चाललं होतं. ते नियमाच्या आत होतं. जमिनीवरून सुटलेलं क्षेपणास्त्र त्या छताच्या वरही पोचलं आणि २९८ माणसं गेली. पूर्ण आभाळ बंद करण्याइतकं कारण होतं, असं डच चौकशीत पुढे नोंदवलं गेलं. मित्रांनो, बंदी जास्त असली की आपण चिडतो, ते मी समजू शकतो. पण बंदी कमी पडली की तिची तक्रार करायला माणूसच उरत नाही.

बंदी मोडणाऱ्याचंही सांगायला हवं. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत रशियाच्या बंदी असलेल्या आभाळात गेलं. रशियाच्या लढाऊ विमानाने ते पाडलं, २६९ जण मेले. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात नवं कलम घालण्यात आलं, की उडत्या नागरी विमानावर देशांनी शस्त्र चालवू नये. हद्द राखणाऱ्यालाही हद्द असते, ती अशी आली.

आता आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळाकडे येऊ.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ मधली कित्येक वर्षं जवळजवळ ओस होता. त्यामुळे दोन पिढ्यांना वाटत राहिलं, की कोल्हापूरचं आभाळ रिकामंच आहे. आता तसं नाही. मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, विमानांची ये-जा वाढली. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले आणि महिन्याभरात देशाचा नकाशा लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगात जाहीर झाला. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरपर्यंत लाल, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही. पाच ते आठ किलोमीटर पिवळा, तिथे जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आठ ते बारामध्ये दोनशे फुटांपर्यंत मोकळीक आणि त्याच्या वर परवानगी. त्याच्या पलीकडे हिरव्यात चारशे फुटांपर्यंत मोकळीक.

कुंपणापासून, हा शब्द लक्षात ठेवा. टर्मिनलपासून नाही. उजळाईवाडी, मुडशिंगी, तामगाव, गोकुळ शिरगावची एमआयडीसी हे तर लाल आहेतच, पण शिवाजी विद्यापीठाचा परिसरही त्यातच येतो. पदवीदान समारंभाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अंबाबाईचं देऊळ विमानतळापासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी रस्त्याच्या अंतरावरून अंदाज बांधू नका. रस्ता वळसे घेतो, आभाळ घेत नाही. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि आपण उभे आहोत त्या ठिकाणचा रंग बघा.

पाच किलोमीटर कशासाठी, हे सांगतो. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. म्हणजे धावपट्टीपासून किलोमीटरमागे जेमतेम ५२ मीटर उंची. दोन किलोमीटरवर ते १०५ मीटरवर असतं. एरवी हिरव्या क्षेत्रात तुम्हाला १२० मीटर चालतात. म्हणजे धावपट्टीपासून सव्वादोन किलोमीटरवर तुमचा नेहमीचा ड्रोन आणि सत्तर माणसं घेऊन ताशी दोनशे किलोमीटरने येणारं विमान एकाच उंचीवर येतात. वैमानिकाचं लक्ष तेव्हा धावपट्टीवर असतं. तुमचा ड्रोन त्याला दिसणार नाही, आणि दिसला तरी वळायला वेळ नसेल.

तुम्ही म्हणाल, पाच किलोमीटरवर तर विमान अडीचशे मीटरच्या वर असतं, माझा साठ मीटरवर आहे, बिघडलं काय? बिघडतं ते सगळं नीट चाललेलं नसतं तेव्हा. विमान उतरता उतरता परत वर उठतं आणि वळतं. एखादं इंजिन बंद पडतं. छोटं विमान खालून येतं. आणि तुमच्या बाजूला सिग्नल जातो. सिग्नल गेला की ड्रोन घरी परत यायला निघतो, आणि निघण्याआधी तुम्ही सेटिंगमध्ये टाकलेल्या उंचीवर आपोआप चढतो. ती उंची कितीवर ठेवली आहे, हे किती जणांना आत्ता न बघता सांगता येईल? मी विचारलं तेव्हा माझ्या पुतण्याला सांगता आलं नाही. तो लग्नं शूट करतो, हुशार आहे, त्याचा हात स्थिर आहे.

उंचीची आणखी एक फसगत आपल्या डोंगरी भागातली. रिमोटवर दिसणारी उंची ही उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते. पन्हाळ्याच्या तटावरून (किल्ल्यावरची परवानगी पुरातत्त्व खात्याची, ती वेगळी) ड्रोन सोडून दरीवर नेला की पडद्यावर शंभर मीटर दिसतात, पण खालच्या जमिनीपासून तो कितीतरी पट वर असतो. चारशे फुटांचा नियम तुमच्या नकळत केव्हाच मोडलेला असतो.

आता गच्चीवरच्या त्या सकाळीकडे. ‘मी दोनशे फुटाच्या वर नेतच न्हाई.’

एरवी त्याचं बरोबर होतं. नियमांची रचनाच अशी आहे, की ड्रोनने चारशे फुटांच्या खाली राहावं आणि माणसं घेऊन उडणाऱ्याने सर्वसाधारणपणे मोकळ्या जागी पाचशे फुटांच्या खाली येऊ नये. मधलं शंभर फुटांचं आभाळ म्हणजे दोन शेतांमधला बांध. पण पुरातलं हेलिकॉप्टर हा बांध ओलांडून खाली येतं, कारण त्याला छतावरचा माणूस उचलायचा असतो, पाकिटं टाकायची असतात. ते तुमच्या घरात येतं. ज्या दिवशी तुम्हाला सगळ्यात जास्त शूट करावंसं वाटतं, त्याच दिवशी तुमचं नेहमीचं आभाळ तुमचं राहत नाही. हेलिकॉप्टरच्या पंख्यावर, मागच्या छोट्या पंख्यावर तर विशेष करून, ड्रोनची मोटर किंवा बॅटरी आदळली तर आतली माणसंही गेली आणि खालची वाट बघणारीही.

हे मी भीती घालायला सांगत नाही. ९ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वणव्यात असंच झालं. आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानांसाठी तिथलं आभाळ तात्पुरतं बंद केलेलं होतं. एकाने आग कशी दिसते ते बघायला छोटा ड्रोन वर पाठवला, तो अडीच किलोमीटरवर जाऊन दिसेनासा झाला आणि कॅनडाहून मदतीला आलेल्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडलं. वैमानिक सुखरूप उतरले, पण गावं जळत असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसून राहिलं. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्या पोराच्याही नव्हतं.

अशा वेळी आपल्याकडे तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तो जाहीर करायचा, एका वेळी ९६ तासांच्या वर नाही, नकाशावर दाखवायचा आणि क्षेत्र अवाजवी मोठं ठेवायचं नाही, असं नियमच सांगतो. सण, सभा, बंदोबस्त यांसाठी इतर कायद्यांखालीही आदेश निघतात. ते सगळे पाळायचे.

पण इथे मी तुमच्या बाजूने बोलणार आहे. माझ्या पुतण्याने एका लग्नासाठी रीतसर विचारायला एका कार्यालयात चार हेलपाटे घातले. चारही वेळा एकच उत्तर, ‘ड्रोन बंद आहे.’ कुठून कुठपर्यंत, किती उंचीपर्यंत, किती तारखेपर्यंत, कशासाठी, काहीच नाही. पाचव्यांदा तो गेला नाही आणि त्याने न विचारता उडवला. त्याचं चुकलंच, मी त्याला तोंडावर सांगितलं. पण ज्या बंदीची हद्द आणि कारण सांगितलं जात नाही, ती लोकांना लहर वाटायला लागते, आणि मग खरी बंदीही त्यात वाहून जाते. तुमच्यातले कित्येक जण कर्ज काढून ड्रोन घेतात, तुळशीच्या लग्नानंतरच्या चार-सहा महिन्यांत हप्ते फेडतात. तुम्हाला कारण कळायचा हक्क आहे.

म्हणून एक सुचवतो. तुम्ही एकेकटे विचारायला जाता. सगळे मिळून एक अर्ज द्या : जिल्ह्यात ड्रोनवर बंदी येईल तेव्हा आदेश मराठीत काढा आणि त्यात क्षेत्र, उंची, वेळ आणि कारण या चारही गोष्टी लिहा. कारण गुप्त ठेवायचं असेल तर ‘सुरक्षेचे कारण’ एवढं लिहा, पण बाकीच्या तीन गोष्टी लिहाच. मसुदा लागला तर मी लिहून देईन, वीस वर्षं तेच वाचत आलोय. आणि त्याच अर्जात तुमच्याकडून कबूल करा, की पुराच्या काळात प्रशासनाने मागितल्याशिवाय तुमच्यातला एकही ड्रोन वर जाणार नाही, आणि मागितला तर सांगतील त्या उंचीवर, सांगतील त्या वेळेत जाईल. पाणी कुठवर आलं, कुठल्या छतावर माणसं आहेत हे तुमच्याइतकं लवकर कुणी दाखवू शकत नाही. ते काम हेलिकॉप्टर येण्याआधी करता येतं आणि गेल्यावर करता येतं.

तो पोरगा आता कोल्हापुरात स्वतःचा स्टुडिओ चालवतो. हे पत्र त्याच्याही मोबाइलवर येईल. बाळा, रिमोट ओढून घेतला त्याबद्दल मला काही वाटत नाही, ते पुन्हाही करेन. पण तुला उत्तर न देता खाली उतरलो, त्याची माफी मागतो.

यंदा पाणी चढायला लागलं आणि आवाज आला, तर आधी ड्रोन उतरवा, मग वर बघा.

तुमचा,
एक निवृत्त वायुसैनिक
सैनिक टाकळी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर